दक्षिणा, विद्यावेतन आणि विषयांची निवड

जून महिना आला कीं घरोघरीं एकच वाद ऐकूं येतो. मुलानें कॉलेजांत कोणते विषय घ्यावे? बाप एक सांगतो, मामा दुसरें सांगतो, आणि मुलगा मनांत तिसरेंच कांहीं ठरवून बसलेला असतो. या वादाच्या पोटांत आणखी एक प्रश्न दडलेला असतो. तो गरीब घरांतच काय तो मोठ्यानें विचारला जातो. या विषयाला शिष्यवृत्ति आहे काय? मीं स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे पाऊल टाकलें नाहीं. परंतु दुसऱ्यांच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्यांत माझें निम्में आयुष्य गेलें आहे, आणि अर्जांतील विषयाच्या रकान्यापाशीं लेखणी अडलेली मीं पुष्कळ वेळां पाहिली आहे.

आजचीच गोष्ट घ्या. महाराष्ट्रांत राजर्षि शाहू महाराजांच्या नांवें शिक्षणशुल्काची जी योजना चालते, तिच्यासाठीं विद्यार्थी गरीब आहे एवढ्यानें भागत नाहीं. त्यानें घेतलेला अभ्यासक्रम सरकारमान्य यादींत असावा लागतो, आणि व्यावसायिक शिक्षणाचा असेल तर प्रवेशही सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेंतून झालेला असावा लागतो. तोच मुलगा, तीच गरिबी, पण अभ्यासक्रम यादीबाहेरचा निघाला कीं हात रिकामा! ही अडचण अलीकडची आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. आपल्या या पुणें प्रांतांत विद्येसाठीं पैसा वांटण्याची जी सर्वांत जुनी मोठी व्यवस्था होती, तिच्यांतही पैसा विद्यार्थ्याचें तोंड पाहण्याआधीं त्याचा विषय पाहत असे. त्या व्यवस्थेचा, म्हणजे दक्षिणेचा, इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

दक्षिणेची ही प्रथा मूळची पेशव्यांची नव्हे. ती तळेगांवच्या सेनापति खंडेराव दाभाड्यांची. श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस बोलावून त्यांचा द्रव्य देऊन सत्कार करावा अशी त्यांच्या घरची चाल होती. पुढें १७३१ सालीं डभईच्या लढाईंत खंडेरावांचे चिरंजीव त्रिंबकराव दाभाडे पडले आणि सेनापतींच्या घराण्याची पडती कळा सुरू झाली. तेव्हां पहिल्या बाजीरावानें ही चाल पुण्यास आपल्याकडे घेतली. लढाईंत हरलेल्या घराण्याचा दानधर्म जिंकणाऱ्यानें पुढें चालवावा, ही गोष्ट इतिहासांत फार वेळां घडत नाहीं. पण दान हेंही राज्याचें एक अंग असतें, हें बाजीरावासारख्या चतुर पुरुषास कोणी शिकवावयास नको होतें.

पेशवाईंत या दक्षिणेचा व्याप इतका वाढला कीं श्रावणांत पुण्याच्या वाटा ब्राह्मणांनीं फुलून जात. दूरदूरच्या प्रांतांतून मंडळी येत. पर्वतीच्या पायथ्याशीं रमणा म्हणून मोठें आवार होतें. तेथें सर्वांस आंत घेऊन, एकेकास बाहेर सोडतांना त्याच्या हातावर दक्षिणा ठेवीत. परंतु ही झाली सरसकट दक्षिणा. ती लहान असे. ज्यांनीं खरोखर अध्ययन केलें आहे त्यांची शास्त्र्यांकडून परीक्षा होऊन, योग्यतेप्रमाणें अधिक रक्कम मिळे. आणि योग्यता म्हणजे वेद, व्याकरण, न्याय, वेदान्त, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक अशा ठरलेल्या विषयांतील योग्यता. एखादा ब्राह्मण उत्तम हिशेबनीस असला, मोडी अक्षर मोत्यासारखें काढीत असला, तरी परीक्षेस बसून सांगावयास त्याच्यापाशीं शास्त्र नव्हतें. ब्राह्मणेतरांचा तर प्रश्नच येत नसे. सोनाराचा मुलगा मूर्ति घडवी, सुतार वाडे बांधी, शेतकरी नक्षत्रें पाहून पेरणी करी. या ज्ञानाला दक्षिणा नव्हती.

या परीक्षेसंबंधानें रामशास्त्री प्रभुणे यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. दक्षिणेच्या कामावर त्यांची देखरेख असतां त्यांचे सख्खे बंधु दक्षिणेसाठीं आले. नाना फडणिसांनीं सुचविलें कीं, यांस वीस रुपये द्यावे. शास्त्रीबोवा म्हणाले, यांच्या अंगीं विशेष विद्या नाहीं, तेव्हां इतरांप्रमाणें यांस दोनच रुपये मिळावे. माझे बंधु म्हणून जें द्यावयाचें तें मी माझ्या घरून देईन. शाळांतून ही गोष्ट निःस्पृहतेचा नमुना म्हणून सांगतात, आणि तें योग्यच आहे. मला मात्र तिच्यांत आणखीही एक गोष्ट दिसते. वीस रुपये आणि दोन रुपये यांमधलें अंतर विषयाच्या अध्ययनानें पडत होतें, आणि तें अंतर इतकें स्वच्छ ठरलेलें होतें कीं, प्रधानाच्या शब्दानेंही तें पुसलें गेलें नाहीं.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. नव्या राज्यकर्त्यांपुढें प्रश्न आला कीं, या दक्षिणेचें काय करावें? बंद केली तर पुण्याचा शास्त्री-पंडितवर्ग दुखावणार. चालू ठेवावी तर खजिन्यास भार. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनसाहेब हे धोरणी गृहस्थ. १८१९ च्या आपल्या अहवालांत त्यांनीं जो तोडगा सुचविला तो आजच्या विषयाचा गाभा आहे. दक्षिणेचा कांहीं भाग राखावा, परंतु बक्षिसें धर्मविद्येंतील प्रावीण्याला देण्याऐवजीं तीं बहुतेक कायदा, गणित अशा अधिक उपयुक्त विषयांत निष्णात असणाऱ्यांस द्यावीं, आणि ते विषय शिकविण्यास कांहीं अध्यापक नेमावे, असा त्यांचा अभिप्राय. पाहा, कोणावर सक्ति नाहीं, कोणाच्या धर्मांत हात घालणें नाहीं, एक पोथी जप्त केली नाहीं. केवळ पैशाचा पाट एका वाफ्यांतून काढून दुसऱ्या वाफ्यांत सोडावयाचा, म्हणजे विद्या आपोआप तिकडे उगवेल! पुढील दीडशें-दोनशें वर्षें सरकारांनीं शिक्षणाच्या बाबतींत जें राजकारण केलें, त्याचें बीज या सूचनेंत आहे असें मला वाटतें.

रक्कमही आटोपती घेण्यांत आली. विद्वानांच्या परीक्षा घेऊन वांटावयाच्या दक्षिणेस वर्षाला पन्नास हजार रुपये राहिले. रमण्यांतील सरसकट वांटणी संपली. आणि १८२१ च्या ऑक्टोबरांत कमिशनर चॅप्लिनसाहेब यांनीं पुण्यास संस्कृत पाठशाळा उघडली. तिचा वार्षिक खर्च सुमारें पंधरा हजार दोनशें पन्नास रुपये ठरला. शंभर विद्यार्थ्यांची योजना होती आणि दहा वर्ग होते. आतां या दहा वर्गांची वांटणी ऐका. तीन वर्ग धर्मविद्येचे. आणि वैद्यक, वेदान्त, गणित व ज्योतिष, धर्मशास्त्र म्हणजे कायदा, न्याय, अलंकार व व्याकरण यांचा प्रत्येकीं एक. दहांतले तीन वर्ग धर्मविद्येलाच! एल्फिन्स्टनसाहेबांनीं कागदावर पाट वळविला खरा, पण पाणी जुन्याच उतारानें धावत होतें. शिकविणारे शास्त्री जुनेच होते, आणि ज्यांच्यासाठीं पाठशाळा काढली तो समाजही जुनाच होता. एका अहवालानें तीन पिढ्यांचा अभ्यासक्रम बदलत नसतो.

तथापि एक मोठा पालट झाला होता. पूर्वी दक्षिणा मिळे ती अध्ययन पुरें झाल्यावर, विद्वत्तेचा सन्मान म्हणून. आतां पाठशाळेंत शिकत असतांनाच विद्यार्थ्यास दरमहा वेतन मिळूं लागलें, तेंही त्यानें ठराविक वर्गांत नांव घातलें तर. सन्मान जाऊन पोटगी आली. कोंकणांतून पायीं घाट चढून आलेल्या, माधुकरी मागून राहणाऱ्या मुलाला दरमहाचे रोख रुपये म्हणजे काय, हें ज्यांनीं वार लावून दिवस काढले त्यांच्या नातवंडांना विचारावें. अशा मुलास मनांतून ज्योतिष आवडत असेल आणि जागा मात्र व्याकरणाच्या वर्गांत मोकळी असेल, तर तो कोठें बसेल हें सांगावयास ज्योतिषी नको!

१८३७ सालीं मेजर कँडी यांची पाठशाळेवर नेमणूक झाली. याच सुमारास सरकारनें दक्षिणेच्या यादींत नवीं नांवें घालण्याचें बंद केलें. ज्यांस मिळत होती त्यांस ती हयातीपर्यंत मिळावी आणि पुढें बंद व्हावी असें ठरलें. त्यामुळें वर्षानुवर्षें वृद्ध शास्त्री कालवश होत गेले तसतशी रक्कम शिल्लक पडूं लागली. ही शिल्लक कोणत्या विद्येला द्यावयाची? या प्रश्नावर पुण्यांत जें रण माजलें, तें एरव्हीं कोणत्याही शिक्षणसुधारणेवर माजलें नसतें.

१८४९ सालीं कांहीं तरुण मंडळींनीं सरकाराकडे अर्ज केला. त्यांत पुढाकार लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचा होता. 'प्रभाकर' पत्रांत त्यांचीं शतपत्रें याच वेळीं येत होतीं. दक्षिणेचा पैसा मराठी भाषेंत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा, आणि जातीचा भेद न ठेवितां द्यावा, असें अर्जदारांचें म्हणणें. जुन्या मंडळींना हा घरावर घातलेला दरोडा वाटला. अर्ज करणारांवर बहिष्काराच्या गोष्टी सुरू झाल्या, मारहाणीचीही भीति उत्पन्न झाली; त्या वेळीं जोतीराव फुले यांनीं महार-मांग मंडळी बरोबर घेऊन सुधारकांस संरक्षण दिलें असें त्यांचे चरित्रकार सांगतात. मला येथें जुन्या पक्षाचीही बाजू सांगितली पाहिजे. ज्या कुटुंबांनीं पिढ्यान्‌पिढ्या एकाच विषयावर आयुष्य वेंचलें, कारण त्या विषयाला राजाश्रय होता, त्यांच्या पायांखालची जमीन एका ठरावानें निघून जात होती. वीस वर्षें न्यायशास्त्र घोकलेल्या माणसास चाळिसाव्या वर्षीं तूं आतां मराठींत भूगोल लिही असें सांगणें सोपें; त्यानें लिहिणें कठीण. परंतु त्यांच्या तक्रारींत एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं. ज्या दाराआड ते आजवर सुरक्षित होते, त्या दाराबाहेर कोण कोण उभें आहे हें त्यांनीं कधीं वळून पाहिलें नव्हतें.

सरकारनें अर्जदारांचें पुष्कळसें ऐकिलें. १८५१ सालीं पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालें आणि त्याचीं दारें सर्व जातींस उघडीं झालीं. पुढें हेंच डेक्कन कॉलेज म्हणून नांवाजलें. मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठीं दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. पण दार उघडें झालें म्हणजे उंबरठा नाहींसा होतो असें नाहीं. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक या कमिटीपुढें ठेविलें. गरीब शेतकऱ्यास धर्माच्या नांवानें कसें फसविण्यांत येतें आणि विद्या हा त्याला कसा तिसरा डोळा आहे, हा त्याचा विषय. तें स्वीकारलें गेलें नाहीं. कमिटींतील भट सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें पुढें फुले यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. म्हणजे भाषा मराठी चालली, जातीची अट गेली, पण विषय मात्र पसंतीचा असावा लागत होता!

आतां दक्षिणेच्या पैशाचा दुसरा ओघ पाहूं. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. याच सुमारास दक्षिणेच्या निधींतून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमण्यास आरंभ झाला. फेलोनें स्वतः अभ्यास करावा आणि खालच्या वर्गांस शिकवावें, अशी ती योजना. तिच्यामुळें महाराष्ट्रास कोण लाभले? महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर! १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाचे जे पहिले चार बी. ए. झाले त्यांत हे दोघेही होते. रानड्यांस प्रथम दरमहा साठ आणि मग एकशेंवीस रुपयांची फेलोशिप होती. त्या काळीं ही रक्कम लहान नव्हे.

भांडारकरांची गोष्ट तर या विषयांत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. मालवणास १८३७ सालीं जन्मलेल्या या मुलाचा ओढा प्रथम गणिताकडे होता, आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांस गणित शिकविणारे गुरु दादाभाई नौरोजी यांच्या योग्यतेचे होते. दक्षिणा फेलो झाल्यावर शिक्षणखात्याचे मुख्य हॉवर्डसाहेब यांच्या सूचनेवरून त्यांनीं संस्कृत हातीं घेतलें, असें त्यांच्या चरित्रावरून दिसतें. पुण्यास शास्त्र्यांपाशीं बसून त्यांनीं व्याकरण, न्याय, वेदान्त यांचें अध्ययन केलें. पुढें त्यांचीं संस्कृत मार्गोपदेशिकेचीं पुस्तकें हातीं धरून किती पिढ्या संस्कृत शिकल्या, हें सांगणें नको. माझ्याही दप्तरांत तें पुस्तक होतें. १९१७ सालीं त्यांच्या नांवानें पुण्यास प्राच्यविद्येचें मंदिर उभें राहिलें. फेलोशिपच्या मागें संस्कृताची अपेक्षा नसती तर हे गृहस्थ गणिती झाले असते काय? कोणास ठाऊक! पण पैशाच्या अटीनें विषय ठरविणें सर्वदा अनिष्टच असतें असें म्हणणारांनीं हें उदाहरण विसरूं नये. मीही तसें म्हणत नाहीं. वळविलेल्या पाटावर कधीं कधीं असा वृक्ष उभा राहतो. वाळून गेलेल्या रोपांची मात्र कोणी मोजदाद ठेवीत नाहीं.

रानड्यांच्या वांट्यास निराळा अनुभव आला. कॉलेजांत असतां त्यांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याशीं तुलना करून इंग्रजी राज्यास उणें ठरविलें. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांचा रानड्यांवर मोठा लोभ. तरी जें सरकार तुला शिकवितें त्याची अशी निंदा करूं नयेस, असें बजावून त्यांनीं रानड्यांचें वेतन सहा महिने बंद ठेविलें, अशी हकीगत चरित्रकारांनीं दिली आहे. विषय मान्य, गुण उत्तम, पण निष्कर्ष अमान्य! विद्यावेतनाच्या अटी छापलेल्या कागदावर संपत नाहींत हें रानड्यांस तरुणपणींच कळून आलें.

पुढें खाजगी दात्यांचीं बक्षिसें आलीं. त्यांत मुंबईचे नाना शंकरशेट यांच्या स्मरणार्थ संस्कृतासाठीं स्थापन झालेली शिष्यवृत्ति सर्वांत मानाची. मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतांत जो पहिला येईल त्यास ती मिळे. १९१२ सालीं ती चिंतामणराव देशमुख यांस मिळाली. ते पुढें रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि देशाचे अर्थमंत्रीही झाले. या शिष्यवृत्तीच्या आशेनें कित्येक हुशार मुलांनीं दुसरी भाषा म्हणून संस्कृत घेतलें. शिक्षकही वर्गांतील चलाख मुलास तिकडेच वळवीत. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु ज्याला विषयच घेऊं दिला नाहीं, त्यानें काय करावें?

याच परीक्षेस पांच वर्षें आधीं, १९०७ सालीं, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून भीमराव रामजी आंबेडकर नांवाचा विद्यार्थी बसला होता. त्याला संस्कृत शिकण्याची इच्छा होती. अस्पृश्य मुलास संस्कृत शिकविण्याचें शिक्षकानें नाकारलें, म्हणून त्याला फारसी घ्यावी लागली. शाळा सरकारी होती. तिच्या नियमांत संस्कृताची बंदी कोठेंही लिहिलेली नव्हती. परंतु संस्कृत नाहीं म्हणजे संस्कृताची शिष्यवृत्तिही नाहीं. अर्ज नाकारण्याचा प्रसंगच आला नाहीं. अर्ज करण्याची वाटच आधीं बंद झाली. श्रोतेहो, मीं पाहिलेल्या अर्जांत विषयाच्या रकान्यापाशीं लेखणी अडे, ती बहुधा मुलगा गोंधळल्यामुळें. येथें तो रकाना दुसऱ्याच कोणी भरून ठेविला होता.

मदत आली ती बडोद्याहून. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या खटपटीनें सयाजीराव महाराज गायकवाड यांच्याकडून कॉलेजशिक्षणासाठीं आंबेडकरांस दरमहा पंचवीस रुपये मिळूं लागले. मग १९१३ सालीं अमेरिकेंतील उच्च शिक्षणासाठीं तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति मिळाली. काय शिकणार, असें महाराजांनीं विचारिलें तेव्हां समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषेंकरून सार्वजनिक अर्थव्यवहार, असें उत्तर त्यांनीं दिल्याचें सांगतात. त्या वर्षींच्या जूनमध्यें करारपत्र झालें. ठरविलेल्या विषयांच्या अध्ययनांतच वेळ घालवावा आणि परत आल्यावर दहा वर्षें बडोदें सरकारची नोकरी करावी, अशा त्यांतील अटी. उदार राजाचें दानही अटीवांचून नव्हतें. पण या अटींत एक फरक होता. विषय कोणता, हें प्रथम विद्यार्थ्यास विचारलें गेलें होतें.

न्यूयॉर्कचें अध्ययन करून आंबेडकर १९१६ सालीं लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें तेथील अभ्यास अर्धा टाकून त्यांस १९१७ सालीं परतावें लागलें. कराराप्रमाणें ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्यांच्या हुद्द्यास शोभेल असा मान तर राहोच, राहावयास जागाही तेथें मिळेना. आणि थोड्याच दिवसांत त्यांस तें शहर सोडावें लागलें. १९२० सालीं स्वतःच्या मिळकतीवर आणि मित्रांच्या मदतीवर ते पुन्हां लंडनला गेले आणि अर्धी राहिलेली पदवी त्यांनीं पुरी केली.

संस्कृताचा प्रश्न मात्र तेवढ्यानें मिटला नाहीं. १९४६ सालीं शूद्र पूर्वीं कोण होते या विषयावर त्यांनीं इंग्रजींत जो ग्रंथ लिहिला, त्याच्या प्रस्तावनेंत हा अधिकाराचा मुद्दा त्यांनीं आपण होऊनच काढिला आहे. संस्कृतावर आपलें प्रभुत्व नाहीं हें ते मान्य करितात, आणि या विषयावरील वाङ्मय पंधरा वर्षें इंग्रजी भाषांतरांतून आपण अभ्यासिलें आहे असें सांगतात. तो ग्रंथ त्यांनीं जोतीराव फुले यांस अर्पण केला आहे.